महाराष्ट्रातील गृहशिक्षण

गृहशिक्षण म्हणजे मुलांना मान्यताप्राप्त शाळेत न पाठवता पालकांनी स्वतःच्या जबाबदारीवर, घरी किंवा घराबाहेरच्या अनौपचारिक वातावरणात शिक्षण देणे. मराठीत यासाठी घरशाळा आणि होमस्कूलिंग हे शब्दही वापरले जातात. ठरावीक अभ्यासक्रम न पाळता मुलाच्या कुतूहलामागे जाण्याच्या पद्धतीला अनस्कूलिंग म्हणतात. महाराष्ट्रात गृहशिक्षणाची चर्चा प्रामुख्याने पुणे आणि मुंबई या शहरांत होते. परंतु शाळा की घर हा प्रश्न तालुक्याच्या गावी वेगळे रूप घेतो. प्रस्तुत लेखात राज्यातील कायदेशीर व शैक्षणिक स्थितीबरोबर खानदेशातील, विशेषतः जळगाव जिल्ह्यातील जामनेर तालुक्यासारख्या ग्रामीण भागाच्या संदर्भात या निवडीचा विचार केला आहे.

संज्ञेची व्याप्ती

गृहशिक्षण आणि शाळाबाह्यता या भिन्न गोष्टी आहेत. गृहशिक्षण ही पालकांनी विचारपूर्वक केलेली निवड असते. शाळाबाह्य मूल मात्र बहुधा गरिबी, स्थलांतर, घरकाम, लवकर विवाह किंवा शाळेतील दुर्लक्ष यांमुळे शिक्षणापासून तुटलेले असते. शासकीय नोंदीत हा फरक दिसत नाही. ६ ते १४ वयोगटातील ज्या बालकाचे नाव कोणत्याही शाळेच्या पटावर नाही ते शाळाबाह्य, अशी सर्वसाधारण व्याख्या आहे. ४ जुलै २०१५ रोजी महाराष्ट्रात शाळाबाह्य मुलांचे एकदिवसीय राज्यव्यापी सर्वेक्षण झाले. त्यामुळे घरी उत्तम वाचणारे मूल आणि ऊसतोडीच्या फडावर असलेले मूल हे दोघे कागदावर एकाच रकान्यात येतात.

याच्या उलट प्रकारही आढळतो. अकरावी-बारावीचे अनेक विद्यार्थी नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात नोंदवून प्रत्यक्ष अभ्यास खाजगी शिकवणीत करतात. वर्गात पाऊल न ठेवताही ते शासनाच्या दृष्टीने शाळेतच असतात. यावरून नोंदणी आणि शिक्षण या दोहोंत किती अंतर पडू शकते हे लक्षात येते.

पूर्वपीठिका

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत, घर हेच शिक्षणाचे स्थान होते. सावित्रीबाई फुले यांनी अक्षरओळख जोतीराव फुले यांच्याकडून घरी करून घेतली. पंडिता रमाबाई यांना संस्कृत त्यांच्या आई लक्ष्मीबाईंनी शिकवले. रमाबाई रानडे यांचे शिक्षण न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी घरातील विरोध असताना घरातच सुरू केले. या तिन्ही उदाहरणांत घरी शिकणे ही शाळेला नकार देणारी निवड नव्हती, कारण स्त्रियांसाठी शाळाच जवळजवळ उपलब्ध नव्हत्या. शिकल्यानंतर सावित्रीबाईंनी १८४८ पासून पुण्यात मुलींना शाळेत शिकवले आणि पंडिता रमाबाईंनी पुढे शारदा सदन स्थापन केले, हे त्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

ज्या घरात शिकलेले कोणी नाही तेथे घरी शिक्षण होणार नाही, हा सक्तीच्या शिक्षणामागील मूळ युक्तिवाद होता. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. बडोदा संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात सक्ती लागू केली. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि पाल्यास शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा १ रुपया दंड ठेवला. ब्रिटिश मुलखात १९१८ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने नगरपालिकांना सक्ती लागू करण्याची मुभा मिळाली. सक्तीचा रोख पालकांच्या शैक्षणिक प्रयोगांवर नव्हता. मुलाला शेतात किंवा घरकामात गुंतवण्याच्या आणि जातीनुसार अक्षरओळख नाकारण्याच्या रूढीवर तो होता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शाळेवरची टीका वेगळ्या दिशेने आली. इव्हान इलिच यांचे ‘डीस्कूलिंग सोसायटी’ हे पुस्तक १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. जॉन होल्ट यांनी १९७७ मध्ये अमेरिकेत गृहशिक्षणाला वाहिलेले नियतकालिक सुरू केले. महाराष्ट्रात मात्र शाळेचा कंटाळा आलेल्या विचारवंतांनी व कार्यकर्त्यांनी बहुधा शाळा सोडली नाही, ती बदलण्याचा प्रयत्न केला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यातील आदिवासी भागात मुले गुरे चारत तेथेच वर्ग भरवून ‘कुरणशाळा’ चालवली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, ही कल्पना घरशाळेपेक्षा जुनी आहे आणि ग्रामीण महाराष्ट्राच्या अधिक जवळची आहे.

कायदेशीर स्थिती

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क समाविष्ट झाला आणि ६ ते १४ वर्षे वयाच्या बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. त्याची अंमलबजावणी करणारा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १० नुसार पाल्यास नजीकच्या शाळेत प्रवेश घेऊन देणे हे प्रत्येक पालकाचे कर्तव्य आहे. मात्र हे कर्तव्य न पाळणाऱ्या पालकास कोणतीही शिक्षा कायद्यात सांगितलेली नाही. शाहू महाराजांच्या काळातील रुपयाचा दंडही येथे नाही. सक्ती मुख्यतः शासनावर आहे: शाळा उपलब्ध करणे, बालकांची नोंद ठेवणे, उपस्थितीवर लक्ष ठेवणे.

त्याच घटनादुरुस्तीने नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत अनुच्छेद ५१-क (ट) ची भर पडली. त्यातील शब्दयोजना पाल्यास शिक्षणाची संधी देण्याची आहे, तिच्यात शाळेचा उल्लेख नाही. गृहशिक्षणाचे समर्थक या फरकावर भर देतात. दिल्ली उच्च न्यायालयात गृहशिक्षणासंबंधी एक याचिका दाखल झाली असता केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २०१२ मध्ये, स्वेच्छेने गृहशिक्षण निवडणाऱ्या पालकांच्या आड हा कायदा येत नाही, अशी भूमिका प्रतिज्ञापत्रात मांडली. परंतु कलम १० मध्ये तशी दुरुस्ती झालेली नाही. परिणामी गृहशिक्षण उघडपणे निषिद्धही नाही आणि मान्यही नाही.

कायद्यात घरच्या शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख एकाच ठिकाणी येतो. २०१२ च्या दुरुस्तीनुसार बहुविकलांग अथवा तीव्र दिव्यांगत्व असलेल्या बालकांना गृहाधारित शिक्षण निवडण्याचा हक्क आहे. या व्यवस्थेत विशेष शिक्षक मुलाच्या घरी जातात व मुलाचे नाव शाळेच्या पटावर राहते.

काही कुटुंबे एकत्र येऊन, एखादा शिक्षक नेमून मुलांना सामूहिकरीत्या शिकवतात. येथे धोका अधिक असतो. कलम १८ नुसार मान्यतेविना शाळा चालवल्यास १ लाख रुपयांपर्यंत आणि त्यानंतरही ती चालू ठेवल्यास प्रतिदिन १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मित्रपरिवाराचा अभ्यासगट कोठे संपतो आणि शाळा कोठे सुरू होते, याची रेषा कायद्याने आखलेली नाही.

इतर देशांत यासंबंधी टोकाची भिन्नता आहे. इंग्लंडमध्ये शिक्षण देण्याचे कर्तव्य पालकांवर असले तरी ते शाळेत किंवा अन्य मार्गाने पार पाडण्याची मुभा १९४४ च्या शिक्षण कायद्यापासून आहे. अमेरिकेच्या सर्व राज्यांत गृहशिक्षण वैध असून नियमांची कठोरता राज्यागणिक बदलते. जर्मनीत मात्र शाळेत उपस्थिती बंधनकारक आहे. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००६ मध्ये त्या बंधनाविरुद्ध एका कुटुंबाने केलेला अर्ज फेटाळला. निरनिराळ्या सामाजिक गटांतील मुले एकत्र वाढणे हे समाजाचे हित आहे, हा जर्मन न्यायालयांचा विचार या न्यायालयाने ग्राह्य धरला.

परीक्षा आणि प्रमाणपत्रे

गृहशिक्षित विद्यार्थ्यापुढील खरी अडचण शिकण्याची नसते, शिकल्याचे सिद्ध करण्याची असते. त्यासाठी महाराष्ट्रात मुख्यतः तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा (एनआयओएस). केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचा प्रकल्प म्हणून १९७९ मध्ये सुरू झालेल्या मुक्त विद्यालयातून १९८९ मध्ये ही स्वायत्त संस्था स्थापन झाली. दहावीच्या परीक्षेसाठी किमान वय १४ आणि बारावीसाठी १५ वर्षे आहे. विषय निवडीचे स्वातंत्र्य असून नोंदणीनंतर पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने परीक्षा देता येते. माध्यमिक स्तरावर मराठी माध्यमही उपलब्ध आहे. या संस्थेची बारावी वैद्यकीय प्रवेशासाठी अपात्र ठरवणारी तरतूद दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केली.

दुसरा मार्ग महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाचा. २०१७ मध्ये स्थापन झालेले हे मंडळ पाचवी, आठवी, दहावी व बारावी या स्तरांच्या परीक्षा घेते. पाचवीसाठी किमान १० व आठवीसाठी किमान १३ वर्षे वय लागते.

तिसरा मार्ग राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षेस खाजगी विद्यार्थी म्हणून बसण्याचा. ग्रामीण महाराष्ट्रात तो ‘सतरा नंबरचा फॉर्म’ या नावाने सर्वपरिचित आहे. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांचे अर्ज नाशिक विभागीय मंडळाकडे जातात. शाळा मध्येच सुटलेले तरुण आणि लग्नानंतर पुन्हा शिकू पाहणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी हा मार्ग मोठा आधार ठरला आहे. परंतु या अर्जास शाळा सोडल्याचा मूळ दाखला, तो नसल्यास द्वितीय प्रत व प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. म्हणजेच हा मार्ग शाळा सोडलेल्यांसाठी आखलेला आहे, शाळेत कधीच न गेलेल्यांसाठी नाही.

या व्यवस्थेच्या मर्यादा एका बहुचर्चित उदाहरणातून दिसतात. मुंबईतील एका विद्यार्थिनीस तिच्या आईने सातवीनंतर शाळेतून काढले. घरी शिकत असताना तिला संगणक प्रोग्रॅमिंगची गोडी लागली आणि तिने आंतरराष्ट्रीय संगणकशास्त्र ऑलिंपियाडमध्ये दोन रौप्य व एक कांस्य अशी तीन पदके मिळवली. बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने तिला भारतीय प्रौद्योगिकी संस्थांचे दार बंद होते. चेन्नई गणितीय संस्थेने तिला थेट पदव्युत्तर स्तराच्या अभ्यासक्रमास घेतले आणि २०१६ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने शिष्यवृत्तीसह प्रवेश दिला. गृहशिक्षणाच्या यशाचा दाखला म्हणून हे उदाहरण नेहमी सांगितले जाते. वास्तविक ते आंतरराष्ट्रीय पदकांच्या बळावर अडथळा ओलांडल्याचे उदाहरण आहे, आणि तो अडथळा इतर सर्वांसाठी जागच्या जागी राहिला.

जामनेर तालुक्याच्या संदर्भात

जामनेर हे कांग नदीच्या काठी वसलेले तालुक्याचे ठिकाण असून जळगावच्या आग्नेयेस, अजिंठ्याच्या डोंगररांगांकडे जाणाऱ्या मार्गावर आहे. कापूस हे तालुक्याचे प्रमुख पीक. जामनेर शहराखेरीज पहूर, शेंदुर्णी, नेरी, फत्तेपूर ही मोठी गावे असून डोंगराळ पट्ट्यात बंजारा तांडे व आदिवासी वस्त्या आहेत. लहान गावांत जिल्हा परिषदेची शाळा आणि मोठ्या गावांत संस्थांची माध्यमिक विद्यालये ही येथील शिक्षणाची मुख्य रचना आहे. पालकांपुढील नेहमीचा पेच गावातील मराठी शाळा की तालुक्याच्या गावची इंग्रजी माध्यमाची शाळा, असा असतो. घरशाळेचा विचार करणाऱ्या कुटुंबास येथे शहरी कुटुंबापेक्षा वेगळा हिशेब मांडावा लागतो.

त्यातील पहिली बाब कागदाची आहे. शाळा सोडल्याचा दाखला हा महाराष्ट्रात केवळ शैक्षणिक दस्तऐवज नाही. त्यावर जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जात यांची नोंद असते. जात प्रमाणपत्र आणि त्याची पडताळणी यांसाठी अर्जदाराच्या स्वतःच्या व त्याच्या वडील-आजोबांच्या शाळेतील नोंदी मागितल्या जातात. पुरावा ग्राह्य धरण्यासाठी विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखा लागू होतात. त्यामुळे त्यापूर्वीच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमधील एखादी ओळ आजच्या विद्यार्थ्याचा अभियांत्रिकी प्रवेश ठरवते. ज्यांचे आजोबा शाळेत गेले नाहीत अशा कुटुंबांना याची झळ चांगलीच ठाऊक आहे. मुलाचे नाव पटावर नसणे याचा अर्थ अशा घरात एका पिढीपुरता मर्यादित राहत नाही. आरक्षणाची गरज नसलेल्या शहरी कुटुंबाच्या हिशेबात हा मुद्दा बहुधा येतच नाही.

पटावरील नावाशी इतर लाभही जोडलेले आहेत: शालेय पोषण आहार, मोफत पाठ्यपुस्तके, गणवेश, शिष्यवृत्त्या आणि गावाबाहेर शिकणाऱ्या मुलींना एसटीचा मोफत पास. या गोष्टी किरकोळ वाटल्या तरी गावाबाहेरच्या माध्यमिक शाळेत मुलगी जाईल की नाही, हे अनेकदा बसच्या पासवर ठरते.

दुसरी बाब वेळेची व श्रमाची. गृहशिक्षणासाठी किमान एका पालकाचा दिवसाचा मोठा भाग मोकळा असावा लागतो. कापूस वेचणीच्या हंगामात शेतकरी किंवा शेतमजूर कुटुंबात असा वेळ नसतो. २०१६ मध्ये सुधारित झालेल्या बालकामगार कायद्याने १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली, परंतु शाळेच्या वेळेनंतर व सुट्टीत कुटुंबाला मदत करण्याची मुभा ठेवली. ही मर्यादा शाळेच्या घंटेवर अवलंबून आहे. ज्या मुलाला शाळा नाही त्याची शाळेची वेळ कधी संपते, याचे उत्तर कायद्यात मिळत नाही. मुलींच्या बाबतीत घरी शिकणे हे धाकट्या भावंडांना सांभाळण्यात आणि चुलीपुढे सहज विरून जाऊ शकते. शिक्षणहक्काच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांचा गृहशिक्षणास सरसकट मान्यता देण्यास असलेला विरोध मुख्यतः याच कारणाने आहे, आणि तो निराधार म्हणता येत नाही.

तिसरी बाब भाषेची असून येथे पारडे घराकडे झुकते. जामनेर परिसरात तावडी बोली बोलली जाते, खानदेशाच्या पश्चिम भागात अहिराणी, लेवा समाजात लेवा गणबोली, तर तांड्यांवर गोरबोली. पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी ही अशा मुलांसाठी जवळची असली तरी दुसरीच भाषा असते, आणि तांड्यावरील मुलासाठी तर ती परकीच. पहिलीच्या वर्गात गप्प बसणारे मूल घरी मात्र बोलके असते. पिकांची, पाखरांची, पावसाच्या नक्षत्रांची शब्दसंपत्ती त्याच्याजवळ असते आणि वर्गात तिला क्वचितच जागा मिळते.

या संदर्भात खानदेशाला बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे उदाहरण आपसूक आठवते. जळगावजवळच्या असोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतातील व घरातील कामे करताना त्या ओव्या रचत. आज जळगावचे विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते. शाळेविना ज्ञान संभवते याचा एवढा ठसठशीत पुरावा मराठीत दुसरा नसेल. पण त्या ओव्या टिकल्या त्या शिकलेल्या हातांमुळे. त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव चौधरी आणि सोपानदेवांचे मावसभाऊ यांनी त्या लिहून ठेवल्या, आणि आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये त्या ग्रंथरूपाने आल्या. तशा हातांच्या अभावी ज्यांच्या ओव्या विरल्या त्या स्त्रियांची नावे कोठेच नाहीत.

साने गुरुजींचे उदाहरणही असेच दुहेरी आहे. ‘श्यामची आई’ (१९३५) हे घरातील संस्कारांचे मराठीतील सर्वाधिक वाचले गेलेले पुस्तक. त्यातील श्याम मात्र शिक्षणासाठी घर सोडून दापोलीस राहतो, आणि लेखक स्वतः १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक व तेथील छात्रालयाचे चालक होते. घराचे वातावरण शाळेत आणण्याचा त्यांचा प्रयत्न खानदेशात आजही आदराने सांगितला जातो.

टाळेबंदीचा काळ

कोविड-१९ च्या साथीत राज्यातील पहिली ते चौथीचे वर्ग मार्च २०२० पासून डिसेंबर २०२१ पर्यंत, म्हणजे सुमारे २० महिने प्रत्यक्ष भरले नाहीत. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ या मोहिमेत अभ्यास भ्रमणध्वनीवर पाठवला गेला. ग्रामीण भागात एकच भ्रमणध्वनी आणि तोही वडिलांबरोबर शेतात, अशी स्थिती सर्रास होती. अनेक गावांत शिक्षकांनी ओट्यावर, मंदिरात, झाडाखाली लहान गट घेतले. या काळास सक्तीचे गृहशिक्षण म्हणण्याची पद्धत असली तरी ते नेमके नाही, कारण पालकांनी ते निवडले नव्हते आणि अभ्यास शाळाच ठरवत होती. मात्र घरी शिकवणे म्हणजे काय, याचा प्रत्यक्ष अनुभव लाखो पालकांना या काळात प्रथमच आला. काही शहरी कुटुंबे त्यानंतर गृहशिक्षणाकडे वळली. ग्रामीण भागात शाळा पुन्हा उघडाव्यात ही मागणीच प्रबळ होती.

परिणामांविषयीचे मतभेद

गृहशिक्षित मुलांची भारतात स्वतंत्र गणना होत नाही, कारण शिक्षणविषयक शासकीय आकडेवारी शाळांकडून गोळा केली जाते. अमेरिकेत गृहशिक्षित मुलांचे गुण अधिक असल्याचे दाखवणारे अनेक अभ्यास आहेत, पण त्यांपैकी बहुतेक स्वतःहून सहभागी झालेल्या सुशिक्षित कुटुंबांवर आधारलेले आहेत. अशा घरातील मूल शाळेत गेले असते तरी कदाचित तेवढेच शिकले असते.

सामाजिकीकरणाच्या मुद्द्यावर दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. घरी शिकणारे मूल एकलकोंडे होते असे नाही, कारण नातेवाईक, खेळाचे मैदान आणि बाजार यांतून त्याचा निरनिराळ्या वयाच्या माणसांशी संबंध येतो. मात्र ही माणसे बहुधा कुटुंबाच्याच जातीची व वर्गाची असतात. निरनिराळ्या जातींची मुले एका सतरंजीवर बसतात आणि एका पंगतीत खिचडी खातात, अशी गावातील फारच थोडी ठिकाणे आहेत. जिल्हा परिषदेची शाळा त्यांपैकी एक. सधन घरांतील मुले इंग्रजी शाळेच्या गाड्यांत बसून निघून गेल्याने तेथेही ती सतरंजी आखूड होत चालली आहे, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे.

शाळेत परतणे

गृहशिक्षण थांबवून मुलाला पुन्हा शाळेत घालणे कायद्याने शक्य आहे. २००९ च्या अधिनियमाच्या कलम ४ नुसार कधीही शाळेत न गेलेल्या किंवा प्राथमिक शिक्षण अपुरे राहिलेल्या बालकास त्याच्या वयानुरूप इयत्तेत प्रवेश द्यावा लागतो व इतरांच्या बरोबरीस येण्यासाठी विशेष प्रशिक्षणही द्यावे लागते. वयाचा पुरावा नाही या कारणास्तव प्रवेश नाकारता येत नाही. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, हा हक्क टिकतो. १४ वर्षे पूर्ण झाली तरी अपुरे राहिलेले प्राथमिक शिक्षण मोफत पूर्ण करता येते. नववीच्या प्रवेशास मात्र हा अधिनियम लागू होत नाही आणि शाळा आठवी उत्तीर्ण झाल्याचा दाखला मागू शकते. त्यामुळे पाल्यास घरी शिकवू इच्छिणारी अनेक कुटुंबे एखाद्या मुक्त विद्यालयातील नोंदणी तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या सुमारास करून ठेवतात, तर काही कुटुंबे प्राथमिक वर्गांपुरतेच घरी शिकवून पाचवीस मुलाला शाळेत घालतात.